डग्गा तेवढा ऐकू येतो

"मशीन काढून ठेवतो," असं म्हणून आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, कानातलं यंत्र काढलं, रुमालात गुंडाळलं आणि शर्टाच्या खिशात ठेवून दिलं. मग सगळ्यांकडं बघून हसले. पुढचा तासभर ते तसेच हसत बसले होते. त्यांच्या 82 व्या वाढदिवसाचं जेवण होतं, आम्ही घरचे सातजण होतो, आणि ज्याचा वाढदिवस तोच माणूस आमच्यातून उठून गेल्यासारखा समोर खुर्चीत बसून होता.

हॉटेल नातवंडांनी निवडलेलं. नुकतंच झालेलं, चकाचक. भिंतीवर प्लास्टिकच्या वेली, छताला पितळी दिवे आणि आमच्या टेबलाच्या बरोबर डोक्यावर एक काळा स्पीकर. आत शिरलो तेव्हा पंजाबी गाणं चालू होतं. ते संपल्यावर एक जुनं हिंदी गाणं लागलं, पण नवं करून, चालीला खालून ठोके जोडलेलं. मुलगी काहीतरी सांगत होती, मी "काय? काय?" करत होतो. बायको मेन्यूकार्डावर बोट ठेवून खुणेनं विचारत होती. आईनं तर पहिल्या पाच मिनिटांतच बोलायचं सोडून दिलं आणि ताटातला कांदा चिरल्यासारखा बारीक करत बसली.

वेटरला म्हटलं, जरा आवाज कमी करता का? "करतो की सर," म्हणाला आणि गेला. दोन गाण्यांपुरता आवाज उतरला, तिसऱ्याला पुन्हा होता तिथं. परत विचारलं तर बिचारा खरं बोलला: "वरनं सेटिंग हाय सर. कमी ठेवलं की हॉटेल मोकळं वाटतंय म्हणतात मालक."

त्या संध्याकाळी आप्पांनी एकदाच मान वळवली. शेजारच्या टेबलावर सिझलर आला तेव्हा. मला वाटलं, चला, त्याचा तरी आवाज पोचला. नंतर घरी विचारलं तर म्हणाले, "वास आला."

आप्पा कोल्हापूरच्या उद्यमनगरात एका फौंड्रीत फेटलिंगला होते. साच्यातून माल निघाला की त्याच्यावरची वाळू झाडायची, कडेचं जादा लोखंड छिन्नीनं आणि ग्राइंडरनं काढायचं. 31 वर्षं. तेव्हा कानात बोळे घाला म्हणून कुणी सांगत नव्हतं, आणि सांगितलं असतं तरी "मागनं हाक मारल्याली कशी कळणार?" म्हणून यांनीच ते काढून टाकले असते. अशा आवाजानं जाणारा कान वरच्या पट्टीकडून जातो. 4000 हर्ट्झच्या आसपासची जागा आधी मरते आणि मग ती ओसाडी दोन्ही बाजूंना पसरत जाते. आता आपल्या बोलण्यातले स्वर असतात खालच्या पट्टीत, आणि स, श, त, फ असे बारीक आवाज वरच्या. त्यामुळं आपण बोलतोय हे आप्पांना ऐकू येतं, काय बोलतोय ते येत नाही. 'ताट', 'पाट' आणि 'खाट' त्यांना एकच. बाकीचं ते ओठांवरून, वेळेवरून, माणसावरून जुळवून घेतात. घरी बरोबर जुळतं. हॉटेलात मात्र गाण्याचा तो खालचा ठोका, त्यांचा जेवढा कान शिल्लक आहे नेमक्या तेवढ्याच जागेवर पाय पसरून बसतो. आणि मशीनला माणूस कुठला, गाणं कुठलं एवढा विवेक नाही. ते बिचारं सगळंच मोठं करून देतं.

मी तबला वाजवतो. पोटापाण्यासाठी पतसंस्थेत नोकरी केली, पण विचाराल तर मी तबला वाजवतो. संध्याकाळी रियाजाला बसलो की आप्पा दारात खुर्ची टाकून बसतात. दोनेक वर्षांपूर्वी एकदा म्हणाले, "तुझा डग्गा तेवढा ऐकू येतोय रं. तबला न्हाई येत." म्हणजे उजव्या हाताखालच्या तबल्याच्या चाटीवरचा, कडेवरचा, बारीक 'ना' त्यांच्यापुरता संपला, डाव्या हाताखालच्या डग्ग्याचा जड 'घे' अजून पोचतोय. अर्धा ठेका ते ऐकतात आणि उरलेला माझ्या उजव्या हाताकडं बघून भरून घेतात.

तर त्या रात्री मी घरी येऊन मालकाला मनातल्या मनात बऱ्याच शिव्या घातल्या. मग झोपताना आठवलं, की तो अधिकार मला नाही. कारण मी स्वतः चार वर्षं पार्श्वसंगीत होतो.

1993 ते 1997. पुणे-बेंगळूर हायवेवर, तेव्हा आम्ही त्याला एनएच फोर म्हणायचो, कोल्हापूरपासून थोड्या अंतरावर एक गार्डन रेस्टॉरंट होतं. हिरवळ, कारंजं (बहुधा बंद), झाडांना दिव्यांच्या माळा, मागच्या अंगाला परमिट रूम. कोपऱ्यात सिमेंटचा एक ओटा, त्यावर सतरंजी आणि सतरंजीवर आम्ही तिघं: गझल गाणारे एक मास्तर, हार्मोनियमवाला आणि मी. शुक्रवार, शनिवार, रविवार, रात्री आठ ते साडेअकरा. रात्रीचे दीडशे रुपये आणि जेवण. जेवण मात्र स्वयंपाकघराच्या मागं, सगळं आटोपल्यावर, उरलेल्या रश्शाबरोबर. तसला रस्सा मी पुन्हा खाल्ला नाही, भूक लागलेली असायची म्हणूनही असेल.

डास फार. उजवा हात चाटीवर असताना डाव्या गालावर डास बसला तर काय करायचं, हे कुठल्याच घराण्यात शिकवत नाहीत.

त्या ओट्यावरून मी जेवणारी माणसं जेवढी पाहिली, तेवढी एखाद्या आचाऱ्यानंही पाहिली नसतील, कारण तो आत असतो. माणसं येऊन बसली की पहिली दहा मिनिटं आमच्याकडं बघतात. पापड येईतोवर आम्ही कलाकार असतो. काहीजण दहाची नोट गुंडाळलेली चिठ्ठी पाठवतात, फर्माइशीची. मग ताट येतं. मटणाचं ताट, रश्शाच्या दोन वाट्या, तांबडा आणि पांढरा, भाकरी. त्या क्षणापासून आम्ही नसतोच. मास्तरांनी कितीही हळवी जागा घेऊ दे, समोरचा माणूस वाटी तोंडाला लावलेला असतो आणि त्याचे डोळे मिटलेले असतात. मास्तर एकदा मला कुजबुजत म्हणाले होते, "डोळे मिटले बघ. मला वाटलं आपल्या सुरासाठी." मग वाटी खाली आली.

टाळ्या पडायच्या बिल आल्यावर. हात तेव्हाच मोकळे होतात.

एक गंमत अजून आठवते. एकजण नळी फोडत होता. म्हणजे नळीतला ऐवज निघेना म्हणून ताटाच्या कडेवर ती आपटत होता, ठक, ठक, ठक. केरवा चालू होता, आठ मात्रांचा ताल. पहिल्यांदा त्याची ठक भलतीकडंच पडत होती. हळूहळू, त्याला स्वतःला काही पत्ता नसताना, ती ठेक्यात आली, आणि आठव्या-दहाव्या आवर्तनाला बरोबर समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, पडली. मास्तर गाता गाता हसले. त्या चार वर्षांत खाणारा आणि वाजवणारा यांची एवढी एकच गाठ पडल्याचं मला आठवतं, तीही नळीमुळं.

आमचे मालक संगीतातले नव्हते, पण लय त्यांना आमच्यापेक्षा जास्त कळायची. रविवारी रात्री नऊनंतर गेटवर माणसं ताटकळत उभी राहायची. मग मालक गल्ल्यावरूनच आमच्याकडं बघून तर्जनी हवेत गोल फिरवायचे. म्हणजे: उचला. मास्तर चटपटीत चाल काढायचे, मी केरव्याला लग्गीचे जलद बोल जोडायचो, आणि खरं सांगतो, वीस मिनिटांत दोन टेबलं सुटायची. घास भरभर जायचे, वाढपी पळायला लागायचे, "अजून काही?" हा प्रश्नसुद्धा द्रुतलयीत यायचा. उलट शुक्रवारी पाऊस असेल, परमिट रूमला चारच गिऱ्हाइकं असतील, तर मालकांचा तळवा खाली दाबल्यासारखा हलायचा. म्हणजे: बसू द्या मंडळींना. मग आम्ही संथ, विलंबित दादऱ्यात असे काही रेंगाळायचो की समोरचा माणूस आणखी एक, मग शेवटची एक, मग खरोखरची शेवटची एक मागवायचा.

पुष्कळ वर्षांनी मला समजलं की आमच्या मालकांची ही दोन बोटांची विद्या अमेरिकेत आधीच छापून आलेली होती. रोनाल्ड मिलिमन नावाच्या प्राध्यापकानं एका रेस्टॉरंटात संथ आणि जलद संगीत आलटून पालटून लावून मोजमाप घेतलं आणि 1986 मध्ये ते प्रसिद्ध केलं. संथ म्हणजे मिनिटाला 72 ठोक्यांच्या आत, जलद म्हणजे 92 च्या वर. संथ संगीतात माणसं सरासरी 56 मिनिटं टेबलावर बसली, जलद संगीतात 45 मिनिटं. जेवणाच्या बिलात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. पण दारूचं बिल? जलद संगीतात 21.62 डॉलर, संथ संगीतात 30.47. वाचून मी मोठ्यानं हसलो. आमचे मालक कोल्हापूरचे नसून टेक्सासचे असते तर प्राध्यापक झाले असते.

म्हणून हॉटेलातलं संगीत जेवणाला शोभतं की नाही, असा प्रश्न निघाला की मला आधी विचारावंसं वाटतं: कुणाच्या जेवणाला? ते बऱ्याचदा जेवणासाठी नसतंच, खुर्चीसाठी असतं. खुर्ची भरलेली दिसावी, खुर्ची रिकामी व्हावी, खुर्चीत बसणाऱ्यानं आणखी एक मागवावा. आम्ही तिघं त्या ओट्यावर बसून खुर्च्या हलवत होतो.

मास्तरांना हे लागायचं. ते देवल क्लबात बसून वाढलेले. 1883 पासून गाण्याची उठबस असलेली ती जागा. 1895 मध्ये शाहू महाराजांनी अल्लादिया खाँसाहेबांना दरबारी गायक म्हणून आणलं आणि जयपूर-अत्रौली घराण्याची गायकी या गावात मुरली. केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर या थोर गायिका याच तालमीच्या. या गावानं ऐकणं म्हणजे काय ते पाहिलेलं आहे. आणि आम्ही, त्याच गावाच्या वेशीबाहेर, चिकन सिक्स्टी फाइव्हच्या वासात. मास्तर म्हणायचे, "शिव्या दिल्या तर चालतील, पण चघळत बघू नका म्हणावं."

यावर मला पॅरिसचा संगीतकार एरिक साती आठवतो, आपल्या मास्तरांचा अगदी उलटा माणूस. 1920 मध्ये त्यानं एका कलादालनात नाटकाच्या मध्यंतरात वाजवायला म्हणून खास संगीत केलं. त्याचं म्हणणं होतं की ते फर्निचरसारखं असावं. खोलीत खुर्ची असते, तसं. लोकांनी हिंडावं, बोलावं, काहीबाही प्यावं, ऐकू मात्र नये. झालं काय, तर वाजायला लागल्याबरोबर लोक गुमान जागेवर जाऊन बसले आणि मन लावून ऐकायला लागले. साती बिचारा ओरडत फिरला, बोला, फिरा, ऐकू नका! त्याला न ऐकणारी माणसं पाहिजे होती. आमच्या हायवेवर ट्रक भरून मिळाली असती.

आता दुसरी बाजू. कोल्हापुरातलं खरं खाणं जिथं असतं तिथं संगीत मुळात नव्हतंच, आणि शांतता तर त्याहून नव्हती. सकाळी आठला एखाद्या मिसळच्या दुकानात जाऊन डोळे मिटून बसा. स्टीलची ताटली फरशीवर सरकल्याचा आवाज. कांदा कापणाऱ्याची सुरी, तिला एक स्वतःची चाल असते. "तीन मिसळ, दोन ज्यादा ब्रेड, एक कट!" ही आरोळी. आतून तिची परतफेड. स्टोव्हचा भोंगा. नाकानं सूं सूं करणारी दहा माणसं, कारण कट नाकातून बोलतो. आणि निघताना वेटर दुरूनच गल्ल्याकडं ओरडतो, "पुढचे दोघं, एकशे साठ! मागचे टोपीवाले, ऐंशी!" तुमचं बिल सगळ्या दुकानाला कळतं. पुण्याच्या एका पाहुण्याला हे फार उद्धट वाटलं होतं. मला त्यात तालाची जागा दिसते. कुणाचं बिल कुठं म्हणायचं, दोन आरोळ्या एकमेकींवर पडू द्यायच्या नाहीत, गल्ल्यावरच्यानं मान हलवल्याशिवाय पुढची घ्यायची नाही, हे सगळं ती पोरं बरोबर सांभाळतात.

गंगावेशीत रात्री दूधकट्ट्यावर उभं राहिलं तर चरवीत पडणाऱ्या धारेचा आवाज येतो, आधी पत्र्यासारखा कडक, मग दूध वर चढेल तसा जड, खोल. रिकाम्या चरवीत 'ना' आणि भरत आलेल्या चरवीत 'घे' म्हणा हवं तर. म्हैस, धार, ग्लास, फेस, संपलं. तिथं कुणी स्पीकर लावला तर म्हैससुद्धा लाथ मारेल.

लग्नाच्या पंगतीत गाणं असायचं, हे खरं. पण त्याची जागा ठरलेली. वाढून होईपर्यंत, तोंडात घास नसताना, कुणी तरी खड्या आवाजात श्लोक म्हणायचा, मग "पुंडलिक वरदे"चा गजर, आणि हात ताटाकडं. ज्याला सूर नव्हता तोसुद्धा म्हणायचा, आणि लोक ऐकायचे, कारण तो संपल्याशिवाय जेवता येत नव्हतं. संपलं की संपलं. जिलबी वाढणाऱ्याच्या मागं कुणी तंबोरा घेऊन फिरत नव्हतं.

गडबड असलेल्या जागेत गाणं लावलं की पुढं काय होतं हे सांगायला वैज्ञानिक लागत नाही, पण एका फ्रेंच डॉक्टरानं ते 1911 मध्ये लिहून ठेवलेलं आहे. एतियेन लोंबार त्याचं नाव, कानाचे डॉक्टर. भोवती आवाज वाढला की माणूस न कळत स्वतःचा आवाज वाढवतो. मग शेजारचं टेबल आपला वाढवतं. ते वाढलं म्हणून हॉटेलवाला गाणं वाढवतो. रविवारी रात्री कोल्हापुरातल्या कुठल्याही भरल्या हॉटेलात हा जिना पायरी पायरीनं चढताना ऐकू येतो. सगळे ओरडत असतात आणि कुणी भांडत नसतं. आधीच आम्ही कोल्हापूरकर हळू बोललो तरी बाहेरच्याला वाटतं हाणामारी निघाली.

एवढं सगळं बोलून झाल्यावर मला माझ्या पुतणीनं तोंडावर पाडलं.

तिनं राजारामपुरीत कॉफीचं छोटं दुकान काढलं. आठ टेबलं. त्या वाढदिवसाच्या जेवणाला तीही होती आणि माझी चिडचिड बघून तिला वाटलं, काकाला यातलं कळतं. म्हणाली, "काका, उद्या सकाळी येतो मी. प्लेलिस्ट करून द्या." (आमच्याकडं मुलीही 'येतो-जातो'च म्हणतात, बाहेरच्यांनी गोंधळू नये.) मी म्हटलं, काही लावू नको. गप्प ठेव. ती म्हणाली, ठीक आहे, तुम्हीच बसा तिथं दोन तास.

बसलो. सकाळी अकराची वेळ, दोन टेबलं भरलेली. एकावर एक मुलगा आणि एक मुलगी समोरासमोर. बघण्याचा कार्यक्रम होता, आताच्या पद्धतीचा. घरचे बाहेर गाडीत. दोघांमध्ये टेबलभर शांतता. मुलानं कप बशीवर ठेवला तो आवाज सगळ्या दुकानात गेला. मुलीनं काही विचारलं, ते मी ऐकलं, दुसऱ्या टेबलानं ऐकलं, कॉफीवाल्यानं ऐकलं. मुलाच्या पगाराचा आकडा आम्हा सहाजणांना एकदमच कळला. तो पोरगा लाल झाला. तेवढ्यात आत ग्राइंडर सुरू झाला आणि त्या घरघरीत दोघं एकदम मोकळी बोलायला लागली. ग्राइंडर थांबला, पुन्हा गप्प. मी उठलो आणि पुतणीला म्हटलं, लाव बाई काहीतरी.

म्हणजे आडोसा. गाणं हे कधी कधी पडद्यासारखं असतं, दोन टेबलांच्या मधलं. जिथं जेवण कमी आणि बोलणं जास्त, तिथं तो लागतो. एकटा माणूस आला असेल तर त्यालाही, चमच्याचा आवाज स्वतःलाच ऐकू येऊ नये म्हणून.

मग मी प्लेलिस्ट करायला बसलो आणि सहा आठवडे नापास होत राहिलो. पहिल्यांदा सगळं शास्त्रीय घातलं, सकाळचे राग सकाळी. पहिल्याच दिवशी एक बाई पुतणीला विचारून गेल्या, "कोणी गेलंय का तुमच्यात?" मग सुधीर फडके लावले, तेही कोल्हापूरचेच, इथंच 1919 ला जन्मलेले. तर पन्नाशीची माणसं कॉफी विसरून गाणं म्हणायला लागली. एका गृहस्थांनी शेजारच्या मुलांना "जरा गप्प बसा, ऐकू द्या" म्हणून दटावलं. शब्द ओळखीचे असले की मन गाण्यामागं जातं, समोरचा माणूस राहतो बाजूला. मग नुसती वाद्यं. बासरी बरी पडली, सतार मधल्या वेळेला. तबला असलेलं काहीही मी काढून टाकलं. स्वतःच्या हातानं. कारण तबला आला की पाय हलतात आणि घोट लवकर संपतो. हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती.

जपानी संगीतकार र्युइची साकामोतो यांनीही हेच केलं होतं, हे वाचून मला धीर आला. न्यूयॉर्कमध्ये काजित्सू नावाचं एक जपानी रेस्टॉरंट त्यांच्या फार आवडीचं. जेवण सुंदर आणि लावलेलं संगीत असह्य. शेवटी त्यांनी तिथल्या शेफला पत्र लिहिलं, की मीच निवडून देतो, पैसे नकोत. 2018 मध्ये ही बातमी जगभर झाली. मोठा माणूस, ऑस्कर मिळालेला, आणि जेवताना डोक्यावर काय वाजतंय यानं हैराण. मी फक्त मनात शिव्या घालून गप्प बसलो होतो.

मध्येच एक जण पुतणीला सांगून गेला, की दुकानात गाणी वाजवायला परवाना लागतो. खरंच लागतो. 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणं दुकानात, हॉटेलात रेकॉर्ड वाजवणं म्हणजे जाहीरपणे वाजवणं, आणि फोनवरच्या ॲपची आपली वर्गणी असते ती घरगुती ऐकण्यासाठी. तिनं रीतसर पैसे भरले. मला मात्र वाटून गेलं, की आम्ही चार वर्षं हायवेवर दुसऱ्यांच्या गझला गायलो, त्यांच्या कवींना कुणी काय दिलं असेल? दहाची नोट तर मास्तरांच्याच खिशात जायची.

गाण्यानं चवीवर काही होतं का, हे तिनंच मला विचारलं. होतं. ऑक्सफर्डचे चार्ल्स स्पेन्स आणि त्यांचे सहकारी झँपिनी यांनी 2004 मध्ये माणसांना बटाट्याचे चिप्स खायला दिले आणि त्या चावण्याचाच आवाज कानावरच्या हेडफोनमधून बदलून ऐकवला. वरची पट्टी वाढवली की तेच चिप्स लोकांना जास्त कुरकुरीत आणि ताजे वाटले. पुढं 2008 मध्ये त्यांना याबद्दल इग नोबेल हे गमतीचं पारितोषिकही मिळालं. विमानातल्या घरघरीसारख्या आवाजात गोड आणि खारट फिकं लागतं, असंही प्रयोगांत दिसलं आहे. म्हणजे पापड मोडल्याचा आवाज हा पापडाचाच भाग झाला. त्याच्यावर गाणं ओतलंत की पापड ओला केलात.

पण इथं आमच्या गावची एक पळवाट आहे. तिखट ही मुळात चव नव्हेच, जळजळ आहे. मिरचीतल्या कॅप्सेसिन या द्रव्याला आपल्या नसांवरचा जो रिसेप्टर उत्तर देतो तोच भाजल्याची वर्दी मेंदूला देतो. तो शोधून काढणाऱ्या डेव्हिड ज्युलियस यांना 2021 चं नोबेल मिळालं. तेव्हा स्पीकर कितीही आदळू दे, तांबडा रस्सा जिभेवर पोचला की त्याची खबर लागणारच. कदाचित म्हणूनच इथले हॉटेलवाले एवढे बिनधास्त आवाज ठेवतात. पांढऱ्याचं मात्र नुकसान होत असणार. नारळाचं दूध, खसखस, जायफळाची सावली, हे सगळं हळू आवाजातलं बोलणं आहे. पांढरा रस्सा गोंगाटात पिणं म्हणजे मास्तरांची गझल नळी फोडत ऐकणं.

आप्पांचा वाढदिवस मी गेल्या रविवारी पुन्हा केला. कुणाला न सांगता, आम्ही दोघंच. मंगळवार पेठेतल्या एका खानावळीत नेलं, चार बाकडी, भिंतीवर देवाचं कॅलेंडर, पंखा. आतल्या खोलीत एक मावशी परातीवर भाकरी थापत बसलेल्या, दार उघडंच. बसल्या बसल्या आप्पांनी सवयीनं मशीनला हात घातला, काढावं का म्हणून. मग हात तसाच राहिला.

पोरगं बादली घेऊन आलं, "तांबडा का पांढरा?" आप्पांना ते शब्द पोचले नसणार. त्यांनी पांढऱ्याची वाटी पुढं केली, पोरानं ओतला. मी काही बोलायला गेलो तर त्यांनी हातानं थांबवलं. मान थोडी आतल्या खोलीकडं कललेली. परातीवर थाप पडत होती, थप थप, थप थप, मग भाकरी फिरवताना एक मात्रा मोकळी, पुन्हा थप थप. जड, खालच्या पट्टीतली.

बाकड्यावर त्यांची बोटं हलायला लागली. वाटी तोंडाला लावली, एक लांब भुरका मारला, खाली ठेवली. आत मावशींनी नवा गोळा घेतला, तो सैल असावा, थाप जरा रेंगाळायला लागली.

"लय पडली बघ," आप्पा म्हणाले.

मी ऐकलं. खरंच पडली होती.